ऑफ-रोड गाडीचे दिवे बदलताना वॉरंटी कशी सांभाळावी : इंदूरच्या गाडीमालकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

नव्या गाडीला जास्तीचे दिवे बसवण्याचा विषय निघाला की इंदुरात दोन ठाम मते ऐकायला मिळतात. सर्व्हिस सेंटरमधला सल्लागार म्हणतो की बाहेरची एक तार जोडली तरी वॉरंटी संपली. अ‍ॅक्सेसरीच्या दुकानातला कारागीर म्हणतो की काही होत नाही, रोज इतक्या गाड्यांना लावतो, कोणी तक्रार घेऊन आलेले नाही. दोन्ही विधाने बोलणाऱ्याच्या सोयीची आहेत आणि दोन्ही अर्धवट आहेत. वॉरंटीचा वाद उभा राहतो तेव्हा दोन गोष्टी तपासल्या जातात: गाडीच्या मूळ वायरिंगला कोणी हात लावला होता का, आणि झालेल्या बिघाडाचा त्या कामाशी संबंध आहे का. त्यामुळे दिवा कोणता घ्यावा यापेक्षा तो कसा जोडावा आणि जोडण्यापूर्वी कोणते कागद हाती असावेत, याचा विचार अधिक केला पाहिजे. पुढील मजकूर थार, गुरखा, जिम्नी किंवा तत्सम गाडी वॉरंटीच्या मुदतीत असताना चोरल, जानापाव, जाम गेट या बाजूंना रात्री-पहाटे नेणाऱ्यांना समोर ठेवून लिहिला आहे.

आधी गरज ओळखा

खरेदीपूर्वी आपण गाडी अंधारात नेमकी कुठे आणि किती वेगाने चालवतो, हे स्वतःला विचारावे. खंडवा रस्त्यावरच्या भेरूघाटात समोरून ट्रकांची रांग चालू असते. तिथे जास्तीचा लांब पल्ल्याचा दिवा लावण्याची संधीच मिळत नाही आणि खरी गरज नीट रोख लावलेल्या लो बीमची (जवळच्या, खाली झुकलेल्या प्रकाशाची) असते. महूहून मंडलेश्वरकडे उतरताना जाम गेटपाशी पावसाळ्यात ढग रस्त्यावर उतरतात; तिथे बंपरच्या खालच्या भागात बसवलेले, वरची कड स्पष्ट कापलेले फॉग लॅम्प उपयोगी पडतात, तर छतावरचा लाइट बार (अनेक एलईडींची लांब पट्टी) डोळ्यांपुढे पांढरा पडदा उभा करतो. जानापावच्या किंवा चोरलच्या बाजूच्या कच्च्या वाटांवर गाडीचा वेग ताशी दहा-वीस किलोमीटरच्या पुढे क्वचितच जातो. तिथे चाकांच्या दोन्ही बाजूंचे खड्डे, दगड आणि काळ्या मातीतल्या खोल चाकोऱ्या दिसाव्या लागतात, म्हणजे प्रकाश जवळ आणि रुंद पसरणारा हवा. अर्धा किलोमीटर दूर फेकणारा प्रकाश माळव्यात वापरायला जागा फारशी मिळत नाही, हे पन्नास इंची बार विकत घेणाऱ्यांनी आधीच लक्षात घेतलेले बरे.

मूळ दिवे पूर्ण क्षमतेने चालतात का, हेही याच टप्प्यावर पाहून घ्यावे. हॅलोजन बल्ब असलेल्या गाडीत इंजिन चालू ठेवून मल्टिमीटरने आधी बॅटरीवरचा आणि मग बल्बच्या कपलरवरचा (बल्बला तारा जोडणाऱ्या प्लगवरचा) व्होल्टेज मोजावा. दोन्हींत एक व्होल्टच्या आसपास फरक निघाला तर दोष बल्बचा नसून वाटेतल्या तारांचा, स्विचचा किंवा अर्थिंगचा आहे. हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजच्या मानाने फार झपाट्याने घटतो. व्होल्टेज दहा टक्के कमी झाले की प्रकाश जवळपास तीस टक्क्यांनी उतरतो. नव्या गाडीत असा फरक आढळला तर तो वॉरंटीत दुरुस्त करून घेण्याचा दोष आहे, आणि तो दुरुस्त होईपर्यंत गाडीला बाहेरची एकही तार लावू नये. एकदा लावली की तोच दोष आपल्या नावावर चढतो.

वॉरंटीची पुस्तिका कशी वाचावी

गाडीबरोबर मिळालेली वॉरंटीची पुस्तिका बहुतेकांनी पहिल्या सर्व्हिसच्या शिक्क्यापलीकडे उघडलेली नसते. तिच्यात ‘काय समाविष्ट नाही’ अशा अर्थाचे एक पान असते आणि आपल्याला हवे ते तिथेच सापडते. अनधिकृत फेरफार, कंपनीच्या नसलेल्या सुट्या भागांमुळे झालेले नुकसान, शर्यत किंवा रॅलीसाठी वापर, पाण्यात गाडी घातल्याने झालेले नुकसान, अशी कलमे तिथे असतात. प्रत्येक कलमाची शब्दरचना बारकाईने पाहावी. ‘फेरफारामुळे झालेले नुकसान वॉरंटीत येणार नाही’ हे एक वाक्य झाले आणि ‘फेरफार आढळल्यास वॉरंटी रद्द होईल’ हे दुसरे. पहिल्या वाक्यात दिव्याच्या जोडणीने जळलेला फ्यूज बॉक्स आपल्या खर्चाने बदलावा लागेल, पण गिअरबॉक्सचा दोष कंपनीकडेच राहील. दुसऱ्या वाक्याचा आधार घेऊन कंपनी सगळ्याच दाव्यांना नकार देऊ पाहील. ज्यांनी एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली आहे त्यांनी तिच्या अटी वेगळ्या वाचाव्यात, कारण त्या मूळ वॉरंटीपेक्षा कडक असू शकतात. बॅटरीची वॉरंटी अनेकदा बॅटरी बनवणाऱ्या कंपनीची असते आणि तिचा दावा वेगळा चालतो.

या संदर्भात व्हिडिओंमधून पसरलेला एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘बाहेरचा भाग लावला म्हणून कंपनी वॉरंटी नाकारूच शकत नाही’ असे जे ठासून सांगितले जाते, ते अमेरिकेतील १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याच्या आधारावर. तो कायदा भारतात लागू नाही. आपल्याकडे वॉरंटी हा मुख्यतः कराराचा विषय आहे आणि त्यावर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ची देखरेख आहे. या कायद्यात अनुचित कराराची व्याख्या आहे, सेवेतील त्रुटीची व्याख्या आहे, पण दिव्यांविषयी किंवा बाहेरच्या सुट्या भागांविषयी ग्राहकाला थेट अभय देणारे कलम नाही. उलट कलम ८७ असे सांगते की हानी झाली त्या वेळी वस्तूचा गैरवापर झालेला असेल किंवा तिच्यात फेरबदल केलेला असेल, तर विक्रेत्यावर उत्पादन-दायित्वाचा दावा चालत नाही.

म्हणून काम सुरू करण्यापूर्वी डीलरला ईमेल करावा आणि कंपनीच्या ग्राहक सेवा विभागालाही त्याची प्रत द्यावी. इंदुरात हा ईमेल हिंदीत किंवा इंग्रजीत लिहिणे सोयीचे पडेल. त्यात चेसिस क्रमांक लिहून तीन प्रश्न विचारावेत. माझ्या मॉडेलसाठी कंपनीच्या अधिकृत अ‍ॅक्सेसरींच्या यादीत जास्तीचे दिवे किंवा फॉग लॅम्प आहेत का, आणि असल्यास त्यांचा पार्ट नंबर काय? मूळ वायरिंग न कापता, बॅटरीपासून स्वतंत्र फ्यूज आणि रिले (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) घेऊन अमुक वॅटचे दिवे जोडल्यास वॉरंटीच्या कोणत्या भागावर परिणाम होईल? हे काम आपल्या वर्कशॉपमध्ये होऊन त्याची नोंद जॉब कार्डवर होऊ शकेल का? उत्तर गोलमोल आले तरी चालेल, मात्र आपण आधी विचारणा केली होती याचा तारखेसह पुरावा हाती राहतो. तोंडी मिळालेल्या ‘लावून घ्या साहेब, मी आहे ना’ या आश्वासनाचा पुढे काही उपयोग होत नाही, कारण असे आश्वासन देणारा सल्लागार दावा दाखल होईपर्यंत दुसऱ्या शोरूममध्ये गेलेला असतो.

इथे आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. कंपनीची अधिकृत अ‍ॅक्सेसरी आणि डीलरने गाडी देताना बसवून दिलेली बाजारातली वस्तू, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीवर कंपनीचा पार्ट नंबर असतो आणि तिची स्वतःची वॉरंटी असते. दुसरी शोरूमच्याच बिलावर येत असली तरी कंपनी तिची जबाबदारी घेईलच असे नाही. बिलावर पार्ट नंबर छापलेला आहे का, हे गाडी ताब्यात घेतानाच पाहावे.

कायदा काय म्हणतो

वॉरंटी राहिली पण गाडी चलानात अडकली, असे होऊ नये म्हणून कायद्याची बाजूही तपासून घ्यावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हीच भूमिका उचलून धरली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेल्या फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये दिव्यांसाठी स्वतंत्र नियम आहेत. नियम १०६ सांगतो की दिव्यांपुढे आठ मीटरवर, उजवीकडे अर्ध्या मीटरवर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो प्रकाश दिपवणारा नसावा. नियम १११ प्रमाणे गाडीच्या पुढच्या बाजूस स्पॉट लाइट किंवा सर्च लाइट लावता येत नाही; अपवादात्मक परिस्थितीत नोंदणी अधिकाऱ्याच्या मान्यतेनेच ते शक्य आहे. मान्यतेचा अर्ज करायचा तर तो नायता मुंडल्याच्या आरटीओ कार्यालयात करावा लागेल, पण हौशी सहलीला अपवादात्मक परिस्थिती मानले जाईल अशी आशा धरू नये. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने बुल बार आणि क्रॅश गार्डवर (बंपरपुढे लावल्या जाणाऱ्या धातूच्या चौकटींवर) कारवाई करण्याचे राज्यांना कळवले आहे, तेव्हा दिवे बसवण्यासाठी म्हणून बुल बार लावण्याचा विचारही सोडून द्यावा. बुल बारने अपघाताच्या धक्क्याची वाटचाल बदलते आणि एअरबॅग वेळेवर उघडण्यावर परिणाम होऊ शकतो; तशा अपघातानंतर एअरबॅगविषयीची तक्रार टिकणे अवघड आहे.

यातून व्यवहारात निघणारा अर्थ एवढाच की सार्वजनिक रस्त्यावर गाडी मूळ दिव्यांवर किंवा कंपनीच्या मान्य फॉग लॅम्पवर चालावी. कच्च्या वाटेसाठीचे दिवे सहज काढता येतील अशा पट्ट्यांवर बसवावेत आणि सार्वजनिक रस्त्यावर येण्यापूर्वी ते उतरवून ठेवावेत. नुसते अपारदर्शक झाकण घातल्याने नियम १११ ची पूर्तता होते असे मानू नये. झाकणामुळे समोरच्याचे डोळे वाचतात, पण दिवा गाडीवर असतोच.

दिव्यांची निवड

सर्वात स्वस्त आणि सर्वात वाईट पर्याय म्हणजे मूळ हॅलोजन दिव्यात बाजारातला एलईडी बल्ब घालणे. हॅलोजनचा परावर्तक एका बारीक फिलामेंटच्या नेमक्या जागेभोवती आखलेला असतो. एलईडीचे चिप त्या जागी, त्या आकारात आणि त्या दिशांना प्रकाश टाकत नाहीत; परिणामी प्रकाश वरती विखुरतो, समोरच्याला त्रास होतो आणि आपल्याला गाडीच्या पुढ्यात उजेड झाल्यामुळे लांबचे चांगले दिसते असा भास होतो. त्याच्याच जोडीला शंभर-नव्वद वॅटचा (हाय बीमला शंभर, लो बीमला नव्वद) हॅलोजन बल्ब येतो. मूळ एच४ बल्ब साठ-पंचावन्न वॅटचा असतो. त्याच्या जागी शंभर वॅट लावला की होल्डर वितळतो, परावर्तकाची चकाकी करपते आणि मूळ तारांवर त्यांच्या ताकदीबाहेरचा भार येतो. करपलेला होल्डर पाहून कोणताही वॉरंटी निरीक्षक एका नजरेत नकार लिहितो, आणि त्याचे चुकत नाही.

दिव्याची पेटी तापवून उघडून आत प्रोजेक्टर (भिंगातून प्रकाश फेकणारा दिवा) बसवून देणारे कारागीर आपल्याकडे कुशल आहेत, हे मान्य केले पाहिजे. पण पेटीचे सील एकदा उघडले की त्या दिव्याची वॉरंटी संपते, आणि पहिल्या पावसात आत वाफ धरली तर नवी पेटी आपल्याच खिशातून येते. आजच्या गाड्यांत एक पेटी हा लहान खर्च राहिलेला नाही.

त्यामुळे वॉरंटीतल्या गाडीसाठी स्वतंत्र, बंद पेटीतला दिवा हाच समंजस पर्याय उरतो. निवडताना खोक्यावर छापलेल्या ल्युमेनच्या (एकूण प्रकाशाच्या मापाच्या) आकड्यांवर विश्वास ठेवू नये. चांगल्या एलईडी दिव्यातून प्रत्यक्षात वॅटमागे साधारण ऐंशी ते एकशेवीस ल्युमेन मिळतात, म्हणून चाळीस वॅट ओढणाऱ्या दिव्यावर वीस हजार ल्युमेन लिहिलेले असेल तर ते खोक्यापुरतेच आहे. दुकानात क्लॅम्प मीटर (तार न कापता प्रवाह मोजणारे यंत्र) असेल तर दिवा प्रत्यक्ष किती अँपिअर ओढतो ते मोजून घ्यावे. तेरा-साडेतेरा व्होल्टवर चाळीस वॅटचा दिवा तीन अँपिअरच्या आसपास प्रवाह घेतो. जलरोधकतेसाठी आयपी६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरणारा, तर आयपी६९के म्हणजे जोराच्या फवाऱ्याला टिकणारा. कच्च्या वाटेवरून आल्यावर गाडी प्रेशर वॉशरने धुतली जाते, म्हणून दुसरा आकडा असलेला दिवा मिळाला तर अधिक बरा.

रंगाबाबत लोकांत बरीच श्रद्धा आहे. पिवळा प्रकाश धुके भेदतो असे म्हणतात. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा इतके मोठे असतात की सर्व रंग जवळपास सारखेच विखुरले जातात. पिवळ्याचा खरा फायदा डोळ्यांना कमी चमक जाणवण्यात आहे, आणि तो धुक्याबरोबर माळव्याच्या उन्हाळी धुळीतही मिळतो. निळसर पांढरा, म्हणजे साडेसहा हजार केल्व्हिनच्या वरचा प्रकाश, दोन्ही ठिकाणी निरुपयोगी आहे.

ज्या गाडीत पुढे रडार किंवा कॅमेरा आहे तिथे दिवा त्यांच्या दृष्टिक्षेत्रात येता कामा नये. थार रॉक्सच्या वरच्या श्रेणींत चालकाला मदत करणारी एडास यंत्रणा आहे. तिच्यासमोर काहीही बसवले तर चुकीचे इशारे येतील आणि ती तक्रार वॉरंटीत जाणार नाही. रेडिएटरच्या जाळीपुढे मोठा बार लावून हवेची वाट अडवणे हे मे महिन्यात इंजिन तापण्याला निमंत्रण आहे, आणि इंजिन तापल्याचा दावा करताना तो बारच आधी दाखवला जाईल.

जोडणी : सर्वात जपून करण्याचे काम

सगळ्या कामाचा एकच नियम आहे: मूळ वायरिंगची एकही तार कापायची नाही, सोलायची नाही आणि तिला चिमटा लावायचा नाही. बाजारात टी-टॅप नावाचे चिमटे मिळतात, ते तारेचे आवरण भेदून आतल्या तांब्याला टेकतात. पहिल्या पावसात पाणी शिरते, तांबे हिरवे पडते आणि काही महिन्यांनी बिघाड भलत्याच ठिकाणी दिसू लागतो. दाव्याच्या वेळी मूळ तारेवरचे ते छिद्र हाच कंपनीचा सर्वात भक्कम पुरावा असतो.

काम सुरू करण्यापूर्वी बॉनेटखालचा भाग, फ्यूज बॉक्स, बॅटरीची टोके आणि जिथून तारा जाणार त्या सर्व जागांचे फोटो काढून ठेवावेत. मग बॅटरीचे ऋण टोक सुटे करावे. काही गाड्यांत त्यामुळे घड्याळ, खिडक्यांची स्वयंचलित हालचाल वगैरे पुन्हा शिकवावे लागते. मॅन्युअलमध्ये त्याची रीत दिलेली असते.

दिव्यांचा प्रवाह थेट बॅटरीच्या धन टोकापासून घ्यावा आणि त्या टोकापासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज बसवावा. फ्यूज दिव्याला वाचवण्यासाठी नसतो. तार चेसिसला घासून शॉर्ट झाली तर आग लागू नये म्हणून असतो. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधला तुकडा त्यामुळेच आखूड हवा. फ्यूजचे माप भाराच्या सव्वा ते दीडपट धरून त्याच्या वरचे मिळणारे माप घ्यावे आणि ते तारेच्या क्षमतेच्या आत असावे. चाळीस वॅटचे दोन दिवे मिळून सहा अँपिअर ओढतात, त्यांना दहा अँपिअरचा लाल फ्यूज पुरतो. एकूण एकशेवीस वॅटचा भार नऊ अँपिअरच्या जवळ जातो, त्याला पंधराचा निळा लावावा. तीसचा हिरवा फ्यूज लावून ‘आता कधी उडणार नाही’ म्हणणाऱ्या कारागिराकडून काम करून घेऊ नये.

तारेची जाडी हिशोब करून ठरवावी. समजा, दिव्यापर्यंत चार मीटर आणि परत चार मीटर असा आठ मीटरचा फेरा आहे आणि प्रवाह नऊ अँपिअर आहे. एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत सव्वा व्होल्ट वाटेतच खर्च होतो. अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेत तोच तोटा अर्ध्या व्होल्टवर येतो. हॅलोजनच्या बाबतीत हा फरक उघड्या डोळ्यांना दिसतो. एलईडीत तो लगेच दिसत नाही, कारण आतले सर्किट कमी व्होल्टेजची भरपाई अधिक प्रवाह ओढून करते, पण तार आणि कपलर मात्र जास्त तापतात. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार स्वस्त किटमध्ये सर्रास असते. टोक सोलून चाकूने खरवडले की आतला पांढरा रंग दिसतो. अशी तार वापरू नये.

मध्ये चार पिनांचा रिले येतो. पिन ३० ला फ्यूजमधून आलेली तार, पिन ८७ वरून दिव्याकडे जाणारी, पिन ८६ ला डॅशबोर्डवरच्या स्विचची आणि पिन ८५ अर्थला, अशी ही जोडणी असते. रिलेचे तोंड खाली करून, चाकाच्या उडणाऱ्या पाण्यापासून दूर बसवावा. रिलेच्या कॉइलला अँपिअरचा पाचवा भागसुद्धा लागत नाही. म्हणून स्विचकडे जाणारी तार बारीक चालते, आणि म्हणूनच मूळ सर्किटवर जवळजवळ भार न टाकता जास्त वॅटचे दिवे चालवता येतात.

खरी गुंतागुंत या स्विचच्या पुरवठ्यात आहे. जुन्या पद्धतीच्या गाड्यांत हाय बीमच्या तारेवरून रिलेला इशारा घेण्याची रीत होती. आजच्या बहुतेक गाड्यांत दिव्यांचा प्रवाह बॉडी कंट्रोल मॉड्युल (गाडीतल्या विद्युत उपकरणांचा छोटा संगणक) नियंत्रित करते, त्यावर लक्ष ठेवते आणि काही वेळा तो सलग न देता झटपट चालू-बंद होणाऱ्या स्पंदनांत देते. अशा तारेला रिले जोडला तर तो थरथरतो, डॅशबोर्डवर बल्ब गेल्याचा इशारा उजळतो किंवा मॉड्युलमध्ये दोषाची नोंद होते. ती नोंद सर्व्हिस सेंटरच्या स्कॅनरवर दिसते. म्हणून वॉरंटीतल्या गाडीत स्विचचा पुरवठा आतल्या फ्यूज बॉक्समधल्या एखाद्या इग्निशनवर चालणाऱ्या, सुरक्षेशी संबंध नसलेल्या फ्यूजच्या जागी फ्यूज टॅप (फ्यूजच्या खाचेत बसून जोडीची तार काढून देणारा तुकडा) लावून घ्यावा. एअरबॅग, एबीएस, स्टीअरिंग किंवा इंजिनाच्या फ्यूजला चुकूनही हात लावू नये. फ्यूज टॅप निघाला की मागे खूण राहत नाही. दिवे हाय बीमबरोबर आपोआप लागावेत असा हट्ट मात्र सोडावा.

अर्थ थेट बॅटरीच्या ऋण टोकाला जोडण्याचा मोह पुष्कळांना होतो. ज्या गाडीत त्या टोकावर बॅटरीचा सेन्सर बसवलेला आहे, तिथे असे केल्यास तो प्रवाह सेन्सरला वगळून जातो आणि चार्जिंगचा हिशोब चुकतो. कंपनीने दिलेल्या चेसिसच्या अर्थ बिंदूवर रंग काढलेल्या स्वच्छ धातूला थिंबल (तारेच्या टोकाची धातूची कडी) लावून बोल्ट आवळणे योग्य. तार केबिनमध्ये नेताना फायरवॉलला (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला) नवे छिद्र पाडू नये. तिथे आधीच असलेल्या रबरी ग्रॉमेटमधून ती नेता येते. सर्व तारा खोबणीच्या नळीत घालाव्यात, सांध्यांवर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी आणि गरम सायलेन्सरपासून, पंख्यापासून दूर ठेवून पट्ट्यांनी बांधाव्यात.

जोडणी झाल्यावर तीन तपासण्या कराव्यात. गाडी बंद करून, दारे लावून थोडा वेळ जाऊ द्यावा आणि बॅटरीतून गळणारा प्रवाह मोजावा. तो साधारण पन्नास मिलीअँपिअरच्या आत असावा. मग दिवे पंधरा मिनिटे सलग चालू ठेवून रिले, फ्यूज होल्डर आणि कपलर हाताने चाचपावेत. कोमट चालतील, चटका बसता कामा नये. शेवटी पाण्याचा फवारा मारून पुन्हा पाहावे. काम करणाऱ्याकडून तारीख, किलोमीटर, दिव्याचा आणि तारेचा तपशील, तसेच ‘मूळ वायरिंग कापलेली नाही’ हे वाक्य असलेले जीएसटीचे बिल घ्यावे. कारागीर नाखूश असेल तर तोच मजकूर आपण लिहून त्याची सही घ्यावी.

रोख लावणे

गाडीच्या टायरची हवा बरोबर करून, चालक बसलेला असताना, सपाट जमिनीवर भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करावी. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर आखावी. एक टक्का उतार हे सर्वसाधारण माप धरले तर लो बीमची वरची कड त्या रेषेच्या दहा सेंटिमीटर खाली पडते. दिव्याच्या पेटीवर किंवा मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असल्यास तो पाळावा. सस्पेन्शन उंच केले असेल किंवा टायर मोठे घातले असतील तर हे काम नव्याने करणे आवश्यक आहे, कारण गाडीच्या पुढच्या-मागच्या उंचीत थोडा फरक पडला तरी प्रकाश समोरच्याच्या काचेत शिरतो.

विमा

विमा कंपनीला दिवे लावल्याचे लेखी कळवावे. गाडीच्या मूळ किमतीत नसलेल्या विद्युत उपकरणांसाठी आयएमटी-२४ या नावाची जोड मिळते आणि तिच्यासाठी थोडा वाढीव हप्ता द्यावा लागतो. न कळवता लावलेल्या दिव्यांच्या वायरिंगमधून आग लागली तर वाद फक्त दिव्यांच्या किमतीपुरता राहत नाही, पूर्ण गाडीच्या दाव्यावर येतो. कायद्यात न बसणाऱ्या दिव्याला मात्र विम्याची जोड मिळाली तरी तो कायदेशीर होत नाही.

दावा नाकारला गेला तर

सर्व्हिसला गाडी देण्यापूर्वी घाईघाईने दिवे उपटून लपवाछपवी करू नये. पट्ट्यांच्या खुणा आणि स्कॅनरमधील नोंदी राहतातच, आणि खोटे पकडले गेले की आपली खरी बाजूही ऐकली जात नाही. दिव्यांचा फ्यूज काढून ठेवावा, बिघाड तरीही तसाच राहतो हे सल्लागाराला दाखवावे आणि ही गोष्ट जॉब कार्डवर लिहून घ्यावी. क्लचचा किंवा एसीचा दोष जास्तीच्या दिव्यांमुळे झाला असे म्हटले गेले तर कोणत्या तपासणीवरून आणि पुस्तिकेतील कोणत्या कलमाखाली, हे लेखी मागावे. अनेक नकार तोंडीच असतात, आणि लेखी मागितले की त्यांतले काही मावळतात. उत्तर न मिळाल्यास कंपनीच्या ग्राहक विभागाकडे, त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

तेवढ्याने काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. गाडीची किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात जाते आणि कंपनीचे मुख्यालय कुठेही असले तरी तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे इंदूरलाच, ती दाखल करता येते. शुल्क मोजलेल्या किमतीवर ठरते: दहा ते वीस लाखांच्या गाडीला चारशे रुपये, वीस ते पन्नास लाखांच्या गाडीला एक हजार. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते आणि ती ई-जागृती पोर्टलवरूनही भरता येते. दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. म्हणून बिघडलेला भाग बदलला गेल्यास, मग तो आपल्या खर्चाने बदललेला का असेना, जुना भाग वर्कशॉपमध्ये सोडून येऊ नये. तो पिशवीत बंद करून, जॉब कार्डाचा क्रमांक आणि तारीख लिहून आपल्या ताब्यात ठेवावा, आणि तो परत देण्यास नकार मिळाला तर तो नकारही त्याच दिवशी ईमेलने नोंदवावा.